चौदाव्या पानावरचं कव्हर

आमच्या ह्यांच्या हातांना घाम येतो. लग्न ठरवताना ही गोष्ट कुणी सांगितली नाही. सांगितली असती तरी तेवढ्यावरून मी नकार दिला नसता, पण पुढे कोणतं काम गळ्यात पडणार आहे ते आधी कळलं असतं. हे, म्हणजे जयसिंग निकम, साताऱ्याच्या पोस्टात पत्रं खणांत लावणारे सॉर्टर होते आणि अवकाशयानांची तिकिटं जमवायचे. तिकिटाच्या पाठीला घामट बोट लागलं की डिंक विरघळतो, डाग पडतो, आणि संग्राहकाच्या लेखी ते तिकीट संपलं. म्हणून चिमट्यानं तिकीट लावणं ह्यांच्याकडे, आणि पाकिटात कार्ड घालून, झाकणाला डिंक लावून ते बंद करणं माझ्याकडे. १९९० ते २०४१, एक्कावन्न वर्षं मी पाकिटं बंद करते आहे.

ही पाकिटं साधी नसतात. रॉकेट उडणार अशी बातमी आली की हे एका पाकिटावर अवकाशाचं तिकीट लावायचे, त्यावर आमचाच पत्ता घालायचे आणि ते मोठ्या लखोट्यातून श्रीहरिकोट्याच्या पोस्टात पाठवायचे. उड्डाणाच्या दिवशी तिथला तारखेचा शिक्का तिकिटावर बसायचा आणि पाकीट टपालानं फिरून आमच्या घरी यायचं. याला संग्राहक लोक कव्हर म्हणतात. आतलं कार्ड एवढ्याचसाठी की शिक्का बसताना पाकीट चुरगळू नये. आणि या लोकांचा सगळ्यात कडक नियम म्हणजे बंद कव्हर उघडायचं नाही. कधीच नाही. फोडलेलं कव्हर ह्यांच्या दृष्टीनं उष्ट्या ताटासारखं.

या नियमाच्या भरवशावर मी आयुष्यातली सगळ्यात मोठी लबाडी केली होती, आणि ती सुखरूप होती. मग ते यंत्र आलं.

यंत्राचं शास्त्र मला आमच्या लेकीनं, रोहिणीनं, फोनवर समजावून सांगितलं. रेडिओच्या लहरी आणि उष्णतेचे किरण यांच्या मधल्या पट्ट्यात टेराहर्ट्झ नावाचे किरण असतात. ते कागदातून आरपार जातात आणि क्ष-किरणांसारखे अंगाला बाधत नाहीत. जाताना प्रत्येक थरावरून त्यांचा थोडा प्रतिध्वनी परत येतो, वरच्या कागदावरून आधी, खालच्यावरून किंचित नंतर. हे किंचित म्हणजे किती, तर सेकंदाचे लाख कोटी भाग करा, त्यातला एखादा. तेवढा फरक यंत्राला मोजता येऊ लागला, म्हणून कोणता प्रतिध्वनी कोणत्या थरावरचा हे कळू लागलं. शाई जिथे असते तिथे प्रतिध्वनी बदलतो. मग संगणक एकेक थर सुटा करतो, घड्या उलगडतो, आणि न फोडलेलं पत्र पडद्यावर वाचायला मिळतं.

सुरुवातीला हे यंत्र कपाटाएवढं होतं आणि त्यावर जुन्या पोथ्या वाचत. पुढे ते जेवणाच्या डब्याएवढं झालं आणि लोकांनी नको तिथे वापरायला घेतलं. कराडच्या एका लग्नात नवऱ्याच्या मामानं आहेराची पाकिटं मांडवातच तपासली आणि पंगतीत कुणाला कुठे बसवायचं ते त्यावरून ठरवलं, असं ऐकलं. मृत्युपत्रं माणूस जिवंत असतानाच घरच्यांना पाठ होऊ लागली. बंद पाकीट या शब्दाला अर्थच उरला नाही. मी हे सगळं पेपरात वाचायची आणि हसायची. आपल्या घरापर्यंत काही येत नाही असं माणसाला वाटतंच.

जुलै महिन्यात हे नाचत नाचत स्वयंपाकघरात आले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस जेवढा नाचू शकतो तेवढे.

"हेमलता, नागपूरच्या प्रदर्शनात घेतलं! देशभरातनं बारा संग्रह, त्यात आपला!"

मी साखर तोंडात घातली त्यांच्या. मनापासून आनंद झाला मला. १९७५ साली बारा वर्षांच्या या माणसाला आर्यभटाचं पंचवीस पैशांचं तिकीट कुणीतरी दिलं, तेव्हापासूनचा हा संसार, माझ्यापेक्षा जुना.

"आणि बंद कव्हरं सगळी यंत्रातनं वाचणार," हे पुढे म्हणाले. "बनावट माल फार झालाय. आतलं कार्ड त्याच काळातलं आहे का ते बघतात. आतल्या कागदाचा फोटोपण शेजारी लावणार. आठ ऑगस्टला त्यांच्या परीक्षक बाई घरी येतायत."

माझ्या हातातला साखरेचा डबा मी खाली ठेवला. चौदावं पान, एवढंच डोक्यात आलं.

आता ती गोष्ट सांगते. १९९४ च्या उन्हाळ्यात ह्यांनी श्रीहरिकोट्याच्या अवकाशकेंद्रातल्या नोकरीसाठी परीक्षा दिली होती. पोस्टात लागण्याआधी आयटीआयमधून रेडिओ मेकॅनिक झालेले. मद्रासला मुलाखत देऊन आले तेव्हा चार दिवस नुसते उड्या मारत होते. सप्टेंबरात दुपारी पोस्टमन पत्र देऊन गेला. मी सातव्या महिन्यात होते. त्याआधी दोनदा गर्भ टिकला नव्हता, आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. पत्र मी फोडलं. निवड झाली होती. तंत्रज्ञ, भूस्थानक विभाग. पंधरा दिवसांत होकार कळवायचा होता.

मला भीती वाटली, दुसरं काही नाही. हे हजार किलोमीटर लांब जातील, मी सासूबाईंकडे गावाला, आणि या वेळीही गर्भ टिकला नाही तर ह्यांचा चेहरासुद्धा दिसायचा नाही. संध्याकाळी देते म्हटलं. मग उद्या देते म्हटलं. चौथ्या दिवशी ह्यांनी ऑक्टोबरच्या उड्डाणाचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "कार्ड घालून बंद कर गं, उद्याच्या टपालात टाकतो." मी कार्डाच्या जागी ते पत्र घडी करून घातलं आणि डिंक लावला.

म्हणजे बघा, ते पत्र तिकडून आलं, आमच्या घरी चार दिवस राहिलं, आणि परत तिकडेच जाऊन शिक्का मारून घेऊन आलं. आदल्या वर्षीचं रॉकेट समुद्रात पडलं होतं, हे मात्र नीट उडालं. १५ ऑक्टोबर १९९४. अल्बमच्या चौदाव्या पानावर ह्यांनी ते कव्हर जपून लावलं. डिसेंबरात रोहिणी झाली, धडधाकट. नावही ह्यांनीच ठेवलं, उपग्रहाचं. नोकरीचं पुढे कधी निघालं तर एवढंच म्हणायचे, "नाही झालं वाटतं." आणि चिमटा घेऊन बसायचे. आजवर जितक्या वेळा हे चौदावं पान उलटताना मी पाहिलं, तितक्या वेळा मी काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात गेले.

आठ तारखेच्या आदल्या दिवशी हे दुपारी वाचनालयात गेले. मी गॅसवर पाणी उकळत ठेवलं, अल्बममधून ते कव्हर काढलं आणि वाफेवर धरायला ह्यांचाच चिमटा घेतला. वाफेनं डिंक सुटतो हे मला एक्कावन्न वर्षांच्या अनुभवानं माहीत. पत्र काढायचं, साधं कार्ड घालायचं, पुन्हा चिकटवायचं. कव्हर वाफेपासून वीतभर असेल, तेवढ्यात दार वाजलं. हे चष्मा विसरले होते. मी कव्हर पदराखाली घेतलं.

"काय करतेस?"

"चहा."

"चिमट्यानं?"

मी चिमटा ओट्यावर ठेवला. ह्यांनी चिमटा उचलला, धोतराच्या फडक्यानं पुसला आणि म्हणाले, "हा स्वयंपाकघरात आणायचा नाही. तेलकट होतो." चष्मा घेतला आणि गेले. मी कव्हर जागेवर नेऊन लावलं. पुन्हा तो उद्योग करायची हिंमत झाली नाही.

गुरुवारी सकाळी परीक्षक बाई आल्या. यास्मिन बागवान नाव, आमच्याच शनिवार पेठेतली मुलगी, तिशीची असेल. तिनं खुर्चीवर यंत्र मांडलं, मोजे घातले आणि पहिलं कव्हर काचेखाली ठेवलं. पडद्यावर आधी धुकं आलं, मग आतल्या कार्डावरची अक्षरं उमटली. खोकल्याच्या औषधाचं खोकं होतं ते, मी कापून घातलेलं.

"काकू, तुम्ही मिळेल ते घालत होता वाटतं," यास्मिन म्हणाली.

"पोस्टातल्या माणसाच्या घरात पुठ्ठे विकत आणायचे होय?"

पुढे साडीच्या खोक्याचा तुकडा निघाला, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका निघाली. अल्बममधली पानं रॉकेटच्या प्रकारानुसार लावलेली, त्यामुळे मध्येच २००६ च्या कव्हरातून रोहिणीचं सहावीचं प्रगतिपुस्तक निघालं, गणितात अठरा गुण. ते हरवलं म्हणून ह्यांनी तेव्हा शाळेत जाऊन दुसरं मागितलं होतं.

"हे तू लपवलंस?" हे हसून हसून खोकायला लागले. "आणि पोरगी आता कॉलेजात गणित शिकवते!"

मीही हसले, पण डोळे पानांच्या आकड्यांवर होते. तेरावं पान झालं. ह्यांनी चौदावं उलटलं, आणि यास्मिननं हात पुढे केला तसा आपला घामट पंजा थेट कव्हरावर ठेवला. आजवर ज्या माणसानं शिक्का बसून आलेल्या कव्हराला चिमट्याशिवाय हात लावला नाही, त्यानं.

"हे राहू दे."

"काका, सगळी वाचावी लागतात. एक जरी सोडलं तरी संग्रह बाद होतो."

"मग बाद कर की."

यास्मिन माझ्याकडे बघायला लागली. हे शांतपणे म्हणाले, "त्यात आमचं घरगुती आहे. नागपूरला नाही गेलो तर काय बिघडत नाही. तू चहा घेऊन जा, बाळ."

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. हे मागून आले. दार लोटलं.

"अशी पांढरी पडू नकोस," ते म्हणाले. "मला माहीत आहे आत काय आहे."

मी चहाचं भांडं ओट्यावर ठेवलं.

"ते पत्र आधी माझ्याच हातात आलं होतं. सकाळच्या थप्पीत. केंद्राचा छाप, वर माझं नाव. पण आपलं पत्र आपण खणातनं उचलायचं नाही, पोस्टमनच्या बटवड्यातनंच घरी यायला पाहिजे. मी ते आपल्या बीटाच्या, म्हणजे आपल्या भागाच्या पोस्टमनच्या, खणात टाकलं आणि दिवसभर घड्याळाकडं बघत बसलो. संध्याकाळी आलो तर तू काहीच बोलली नाहीस. चार दिवसांनी तू बंद केलेलं पाकीट हातात घेतलं, तेव्हा बोटांना कळलं. कार्ड नव्हतं, घडी होती."

"मग विचारलं का नाहीत?"

"काय विचारू? हलकं पत्र होतं. साधं टपाल, एकच कागद. नेमणुकीची पत्रं मी रोज बघायचो, रजिस्टरनं येतात, आत फॉर्मांचा गठ्ठा असतो. एका कागदावर फक्त नकार येतो. ते हातात घेतलं तेव्हाच कळलं मला." ह्यांचा आवाज जरा ओला झाला. "तू ते वाचलंस आणि मला वाईट वाटू नये म्हणून लपवलंस. पोटुशी होतीस, तरी माझा विचार केलास. कधी भांडण झालं ना हेमलता, तर मी चौदावं पान काढून बसायचो. राग जायचा."

माझ्या डोळ्यांपुढून त्या सगळ्या दुपारी, ते अल्बम उघडून बसणं गेलं. मी समजत होते की हे हुकलेली नोकरी आठवतात. हे माझी आठवण काढत होते. जी मी नव्हतेच, तिची.

आणि आता सगळं माझ्या हातात होतं. यास्मिनला चहा पाजून वाटेला लावायचं, प्रदर्शन जाऊ द्यायचं, कव्हर बंद राहू द्यायचं. ह्यांची समजूत तशीच राहिली असती, ह्यांच्या मनातली ती चांगली बायकोही तशीच राहिली असती. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण माझ्या नावावर जमा झालेलं ते प्रेम माझं नव्हतं, आणि त्यासाठी हे नागपूर सोडायला निघाले होते. ते मला सहन झालं नाही.

मी बाहेर गेले, ते कव्हर उचललं आणि यास्मिनच्या हातात दिलं. "वाच."

"हेमलता—"

"बसा तुम्ही. तुमचं पत्र आहे. बटवडा राहिला होता."

पडद्यावर धुकं आलं. घडीचे तीन थर आधी एकावर एक दिसले, मग यंत्रानं ते सुटे केले. जुन्या टंकलेखन यंत्राची अक्षरं होती, फितीची शाई पुरेशी काळी, त्यामुळे एकेक शब्द लख्ख आला. इंग्रजी पत्र. आपली निवड झाल्याचं कळवण्यास आनंद होतो. होकार आल्यावर आवश्यक ते फॉर्म रजिस्टर टपालानं पाठवले जातील.

ह्यांनी दोनदा वाचलं. मग यास्मिनला विचारलं, "यंत्र चुकत तर नाही ना?"

"नाही, काका."

"भूस्थानक विभाग," हे स्वतःशीच म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. चपला घातल्या आणि बाहेर पडले. यास्मिननं उरलेली कव्हरं मान खाली घालून तपासली. जाताना तिनं माझा हात धरला.

हे दिवेलागणीला परत आले. तीन दिवस अबोला होता. जेवायचे, औषधं घ्यायचे, ताट उचलून ठेवायचे. मी समजावायला गेले नाही. समजावण्यासारखं माझ्याकडे होतं काय? रोहिणीला फोन करून सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, मी पोटात होते म्हणजे यात मीही आहे." मी म्हटलं, "तू नाहीस बाळा. भीती माझी होती."

चौथ्या दिवशी सकाळी हे अल्बम घेऊन टेबलाशी बसले आणि पाठमोरेच बोलले.

"चाळीस वर्षं पत्रं हाताळली मी. एवढा विश्वास बोटांवर."

मी दारात उभी राहिले.

"विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. नकार असला तर ऐकायचा नव्हता, आणि होकार असला तर तुला त्या अवस्थेत टाकून जायला पाय निघाला नसता. न विचारण्यात माझीपण सोय होती." मग वळले. "पण पत्र तू द्यायला पाहिजे होतंस."

"हो."

"मला राग आलाय."

"येऊ दे."

"लवकर जाणार नाही तो. आता चौदावं पानही कामाचं नाही त्याला."

"मी कुठं चाललेय?" मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. हे उठले नाहीत, पण समोरची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली. मी बसले.

प्रदर्शनासाठी प्रत्येक कव्हराखाली एक चिठ्ठी लावायची होती. ह्यांनी त्यांच्या त्या पोस्टातल्या टपोऱ्या अक्षरात चौदाव्या पानाची लिहिली आणि माझ्यापुढे सरकवली. "उड्डाण: १५ ऑक्टोबर १९९४. आत: संग्राहकाच्या नावचं नेमणूकपत्र. बटवडा: ८ ऑगस्ट २०४१."

"उशिराचं कारण नाही लिहिलंत," मी म्हणाले.

"पोस्ट कारण लिहीत नाही. तारीख मारतं."

नागपूरला त्या पानापुढे माणसं थांबायची, चिठ्ठी वाचायची, पुन्हा कव्हराकडे बघायची. ह्यांना रौप्यपदक मिळालं. सुवर्ण थोडक्यात हुकलं, कारण चौदाव्या पानावरच्या कव्हरावर घामाचा ताजा डाग आढळला.

दिवाळीनंतर पुढचं उड्डाण जाहीर झालं. ह्यांनी नेहमीसारखं तिकीट लावलं, पत्ता घातला आणि पाकीट माझ्यापुढे आणलं. मी डिंकाची बाटली घेतली.

"आत काय घालणार?" त्यांनी विचारलं.

मी कोरं कार्ड दाखवलं. दोन्ही बाजू दाखवल्या. ह्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, खिडकीशी गेले, पाठ करून बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि फुंकर मारून शाई वाळवली. मग कार्ड स्वतःच पाकिटात घातलं, पहिल्यांदाच, आणि झाकण माझ्याकडे केलं.

"लाव."

"काय लिहिलंत?"

"यास्मिनकडं यंत्र आहे की," हे म्हणाले. आवाजात अजून थोडा राग होता, आणि डोळ्यांत मिश्किलपणाही होता.

मी डिंक लावला, अंगठ्यानं झाकण दाबून धरलं. डिसेंबरात ते शिक्का घेऊन परत आलं, अल्बमच्या शेवटच्या पानावर लागलं. यास्मिन दर महिन्याला चहाला येते, यंत्र तिच्या पिशवीतच असतं. मी तिला ते वाचायला अजून एकदाही सांगितलेलं नाही. ह्यांनी आपल्या पत्राची सत्तेचाळीस वर्षं वाट पाहिली. मलाही थोडी पाहता येईल.